जंतांचा हंगाम

सीताफळं आली की मला शिसारी येते. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. दसऱ्याच्या आसपास विद्यापीठाकडून बेगमपुऱ्यात उतरणाऱ्या रस्त्यावर हातगाड्या लागतात, पाला अंथरलेल्या टोपल्यांत डोळे उघडलेली फळं मांडलेली असतात, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं गाडीशेजारीच उभी राहून बोटांनी फळ फोडतात, तोंड लावतात, बिया थुंकतात. त्या पांढऱ्या, बुळबुळीत, एकीला एक चिकटलेल्या पाकळ्या. मी मान फिरवते. मला त्यात फळ दिसतच नाही. बोकडाचं आतडं चिरल्यावर आत जे वळवळतं, ते दिसतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणी जेवायला बसणार असेल, तर आधी जेवून घ्यावं. हा लेख जंतांबद्दल आहे.

विद्यापीठात सध्या संशोधन महोत्सवाची धामधूम आहे. माझी नात सई तिथं प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. कधी काळी मी ज्या विभागात होते त्याच विभागात, आणि विषयही माझाच: शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातले पट्टकृमी. लोकांच्या घरात नातवंडांकडे जमीन जाते, दागिने जातात. आमच्याकडे जंत गेले. मधल्या पिढीतला माझा मुलगा, सईचा बाप, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि तेवढा एक वाचला.

जंतांना हंगाम असतो हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पावसात माळावर गवत फुटतं, त्या ओल्या गवताच्या बुडाशी डोळ्याला न दिसणारे बारीक किडे असतात, चरता चरता शेळी ते गिळते, आणि किड्याच्या पोटातला जंत शेळीच्या पोटात मुक्कामाला येतो. आश्विन लागेपर्यंत तो चांगला वाढतो, फितीसारखा लांब, रुंद, भरलेला. बाहेर बाजरीची कणसं भरत असतात तेव्हा आत हे पीक भरत असतं. आम्ही त्या महिन्यांना हंगामच म्हणायचो. 'यंदा हंगाम चांगला आहे,' असं आमचे सर म्हणायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या वडिलांसारखं समाधान असायचं, आणि आमच्या वाट्याला मात्र डबे, कात्र्या आणि वास.

वडील पाचोडला शेती करायचे. माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा, पण वडिलांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. संशोधन हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही. बाजारच्या दिवशी पारावर कुणी विचारायचं, "शकू काय करती औरंगाबादला?"

"तहकीकात करती," वडील सांगायचे.

"पोलिसात गेली का काय?"

"नाय. जंताची तहकीकात."

"मंग माझ्या बकरीलाबी बघ म्हणावं. लई झडलीय."

"काका, मी बकरी बघत नाही," मी घरातून बाहेर येऊन म्हणायचे, "मी बकरीच्या आत बघते." म्हणायचे ते अर्धं इंग्रजीत. त्या वेळची मी मला आज पारावर भेटले तर मी उठून दुसरीकडे बसेन. एक वेणी, काळा चष्मा, आणि अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. हो, कोट. तो मी यष्टीतसुद्धा काढत नसे, लोकांना कळावं म्हणून. पाचोडच्या गाडीत माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची. माणसं उभी राहून यायची, पण तिथं बसायची नाहीत. मला वाटायचं, शिक्षणाचा दबदबा. तो फॉर्मलिनचा वास होता.

आणि त्याच्याखाली आणखी एक वास, तो फॉर्मलिनलाही दबत नसे. सिल्लेखान्यातल्या खाटकांकडून आणलेल्या आतड्यांचा. माझ्याबरोबर नसीम होती, किराडपुऱ्यातली, माझ्याच वर्गातली. आम्ही दोघी सकाळी ॲल्युमिनियमचे डबे घेऊन खाटकांच्या गल्लीत उभ्या राहायचो. तिथले एक चाचा आम्हाला लांबूनच ओळखायचे.

"आ गयी डॉक्टरनियां. क्या होना आज?"

"आंतां होना, चाचा. कल के जैसे," नसीम आतडी मागायची.

"सारा शहर बोटी ले जाता," ते बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून म्हणायचे, "ये पढ़ेलिखे लोगां ये ले जाते."

गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायची. मी रुमालाने नाक दाबून धरायचे. नसीम कोपराने ढोसायची. "नाक नक्को पकड़ गे शकू. नाक पकड़ेगी तो मुंह खुलेगा."

आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला. पुढे अनेक सभा-समारंभांत मी तो पाळला.

सई हे सगळं ऐकून हसते. ती आतडी आणायला जाते तेव्हा बर्फाची पेटी नेते, हातमोजे घालते, तोंडाला मास्क, आणि आल्यावर हाताला काहीतरी लिंबाच्या वासाचं चोळते. तो लिंबाचा वास मला जास्त किळसवाणा वाटतो. घाणीला घाणीचा वास यावा. फॉर्मलिनच्या बोटांनी आम्ही डबे खाल्ले. वसतिगृहाची अंबाडीची भाजी आणि बोटांचा वास यांत कुठला वास कुणाचा हे सांगता येत नसे, आणि खरं सांगायचं तर भाजी अधिक वाईट होती.

आता आमच्या विभागाचा रिवाज सांगते. कुणाला नवी प्रजाती सापडली की तिला नाव द्यायचं. स्वतःचं द्यायचं नाही, ते बरं दिसत नाही. आदराच्या माणसाचं द्यायचं. त्यामुळे आमच्या सरांच्या गुरुजींच्या नावाचा जंत कोंबडीत होता, गुरुजींच्या गुरुजींचा बदकात, आणि सरांच्या सासऱ्यांच्या नावाचा मेंढीत. सासरे सत्काराला आले होते. फेटा बांधून त्यांनी भाषण केलं, की माझ्यासारख्या सामान्य माणसाला हे भाग्य. सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि मीही वाजवत होते, डोळे भरून. लोक देवळाच्या पायरीवर नाव कोरतात. आम्ही आतड्यात कोरायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटत नव्हतं. जंतांत राहून राहून आम्हाला किळस नावाची गोष्टच उरली नव्हती.

त्याच हंगामात माधव आले. म्हणजे होतेच ते, मराठी विभागात. युवक महोत्सवाच्या तालमींमुळे माझ्या नजरेस आले. सडपातळ, खांद्यावर झोळी, आणि कविता. त्यांच्या प्रत्येक कवितेत कुठं ना कुठं 'अमर' हा शब्द यायचा. कधी प्रेम अमर, कधी वेदना अमर, एकदा तर बाभूळ अमर. ते मान मागे टाकून वाचायचे, हनुवटी वर, जणू छताला ऐकवतायत. मी पहिल्या रांगेत. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. कारण सांगितलंच आहे.

युवक महोत्सवाच्या दिवशी सकाळी मी मेंढीचं आतडं चिरत होते आणि एक जंत निघाला. चांगला लांब, दुधासारखा पांढरा. एरवी अशा वेळी करायचं काय, तर त्याला कोमट मिठाच्या पाण्यात सोडायचं. तो हळूहळू सैल पडतो, पसरतो, झोपतो. मग त्याला दोन काचांमध्ये हलकेच दाबायचं, दोरा बांधायचा, आणि त्यानंतर टिकवायला फॉर्मलिन. याला वेळ लागतो. आणि सभागृहात माधव यांचं नाव पुकारायची वेळ झाली होती. मी जंत चिमट्यात धरला, सरळ फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला आणि झाकण लावलं.

"अगे, उसको थोड़ा सोने तो दे," नसीम मागून म्हणाली.

मी जिन्यात होते.

ती कविता काय होती ते आज मला आठवत नाही. पुढे त्यांनाही आठवत नव्हती. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते अमर चेहऱ्याने घेतलं. दोन दिवसांनी मी जंत बाटलीतून काढला, गुलाबी रंगवला, काचपट्टीवर बसवला, आणि तो कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. आखूड, रुंद, सगळे अवयव एकमेकांना खेटून दाटीवाटीने बसलेले. सरांनी बराच वेळ मायक्रोस्कोपमधून डोळा काढला नाही. मग म्हणाले, "मिस शिंदे, अभिनंदन. नवी प्रजाती दिसते. नाव सुचवा."

नाव माझ्याकडे तयार होतं.

एवढ्यात सई परवाच्या दिवसाबद्दल विचारतेय, की आज्जी, तू महोत्सवाला कुठली साडी नेसणार. मी म्हटलं, जुनी. तिथं जे काही चालतं त्याला नवी साडी नेसायची माझी तयारी नाही. फाटकापासून विभागापर्यंत फलक लागलेत. विद्यार्थ्यांचं यश, म्हणून वर मोठमोठे चेहरे, त्यांतला एकही विद्यार्थ्याचा नाही. खाली मुंगीएवढ्या फोटोंत पोरं. नाट्यगृहाच्या दारात थर्मोकोलचा हंस आहे, त्याच्या मानेत हात घालून मुलंमुली फोटो काढतात. भाग घेतला म्हणून प्रमाणपत्र, बघायला आला म्हणून प्रमाणपत्र. गेल्या वर्षी एक मुलगी तर प्रमाणपत्रं वाटल्याचं प्रमाणपत्र घेऊन निघाली होती. सरांच्या सासऱ्यांचा फेटा परवडला, निदान त्याखाली एक खराखुरा जंत होता.

तर नाव. माझं डोकं त्या वेळी असं चालायचं: या माणसाला अमर व्हायचंय. कविता छापून येतील, पिवळ्या पडतील, रद्दीत जातील. पण प्राणिशास्त्रात एकदा नाव लागलं की जगातल्या ग्रंथालयांत राहतं, मॉस्को ते टोकियो. मी हे त्याला देऊ शकते. दुसरी कुठली मुलगी देऊ शकेल? मराठी विभागातल्या मुली रुमाल भरून द्यायच्या. मला त्यांची कीव यायची.

मकबऱ्याचा घुमट दिसतो अशा एका कडुलिंबाखाली ते बसले होते, मांडीवर सीताफळ घेऊन. मी कोट नीट केला आणि समोर उभी राहिले.

"बसा ना, मिस शिंदे. घ्या." त्यांनी अर्धं फळ पुढं केलं.

"मला तुम्हाला काही द्यायचंय," मी म्हटलं. "तुमचं नाव कायमचं राहील असं."

त्यांच्या तोंडात पाकळी होती. चावणं थांबलं. चेहरा असा उजळला, की सभागृहातसुद्धा कधी उजळला नव्हता. "कवितासंग्रह?"

"नाही. मी एका नव्या प्रजातीला तुमचं नाव देतेय."

"फुलाच्या?"

"पट्टकृमीच्या. मेंढीच्या आतड्यातल्या." आणि त्यांना नीट कळावं म्हणून मी त्यांच्याच हातातल्या फळाकडे बोट केलं. "हे बघा, असाच असतो. पांढरा, ओला, एकाला एक जोडलेले असे भाग. फक्त जरा लांब."

माणसाच्या चेहऱ्यावर किळस कशी चढते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी नाकपुड्या, मग वरचा ओठ, मग डोळे. पाकळी तोंडातच होती. गिळावी तर जंत, थुंकावी तर समोर बाई. त्यांनी गिळली. मग झोळी उचलली आणि तरातरा निघून गेले. अर्धं सीताफळ लिंबाखाली राहिलं आणि त्यावर मुंगळे आले. मी तिथंच बसून रडले. का, तर अमरत्व देऊनही माणूस कृतघ्न कसा असू शकतो. त्या मुलीला समोर बसवून दोन पाण्याचे हबके मारावेत असं मला आजही वाटतं.

नाव मी बदललं मात्र नाही. सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे माधव कोण?"

"आमचं कुलदैवत, सर."

सर चष्म्यावरून बघत राहिले. देवाचं नाव जंताला द्यावं का यावर त्यांनी विचार केला असावा. सासऱ्यांचं दिलेलं असल्यामुळे त्यांना फार बोलता आलं नसावं. लेख छापून आला.

मराठी विभागात ती बातमी पोचायला काही वेळ लागला नाही. पोरं माधव यांना 'कृमी' म्हणू लागली. कविता वाचायला उभे राहिले की मागून कुणी तरी बें करायचं. मग एक दिवस, हंगाम सरला होता, थंडी पडली होती, ते प्रयोगशाळेच्या दारात आले. नसीमने मला ढोसलं.

"बघू," ते म्हणाले.

मी काचपट्टी लावली. ते वाकले. वाकून बराच वेळ राहिले. त्या गुलाबी रंगात जंत खरोखर देखणा दिसतो, जरीच्या काठासारखा, एकेका घरात बारीक नक्षी.

"सुंदर आहे हो," ते म्हणाले, मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता. "पण मी मटण सोडलं. आणि सीताफळही."

"कायमचं?"

"अमर," ते म्हणाले.

एवढंच. तिथं आमचं लग्न ठरलं. बाकीचे सोपस्कार पाचोडला वडिलांनी केले, आणि मांडवात मटण होतं तेव्हा नवरदेव वरण-भातावर जेवला. वडील म्हणाले, "जावई लई सात्त्विक भेटला." मी पदराआड हसले.

माधवरावांनी शब्द पाळला. एका वाक्यात मी त्या माणसाची दोन आवडीची खाणी तोडली होती. घरात खंडोबाचं जेवण असायचं, पाहुणे रस्सा ओरपायचे, आणि हे कोपऱ्यात दही-भात कालवत बसायचे. कधी कधी त्यांची नजर पातेल्याकडे जायची. मी म्हणायचे, घ्या हो थोडं, शिजल्यावर काही उरत नाही. ते म्हणायचे, "मी स्वतःला कसा खाऊ?" कॉलेजात मराठी शिकवलं, कविता थांबल्या, केस गेले. ज्या संग्रहाची आस होती तो निघालाच नाही. माझा जंताचा लेख मात्र चौकटीत घालून आमच्या बैठकीत भिंतीवर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःच बोट दाखवून सांगायचे, "हा मी." गेले तेव्हा त्यांचा फोटो मुलानं त्याच चौकटीशेजारी लावला. हार फोटोला असतो, पण वाऱ्यानं सरकून अर्धा जंतावर जातो.

इथपर्यंत लिहून झालं, आणि त्याच भिंतीखाली बसून सईनं महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मला तिचं सादरीकरण म्हणून दाखवलं. आपला विषय आहे म्हणून मी दात नीट बसवून ऐकायला बसले. तिचं म्हणणं असं, की आमच्या काळात जे नवे जंत सापडले त्यांतले बरेचसे नवे नव्हतेच. एकाच जंताची निरनिराळी सोंगं होती. कुणी ताणला गेलेला, कुणी आखडलेला, कुणी अर्धवट सडलेला. विभागाच्या कपाटातली प्रत्येक जुनी काचपट्टी तिनं पुन्हा तपासली होती. एकेक नाव वाचत ती बाद करत गेली. गुरुजी गेले. गुरुजींचे गुरुजी गेले. सासरे गेले, फेट्यासकट. मला भारी मजा येत होती. मी माझ्या पाळीची वाट बघत होते.

ती 'धन्यवाद' म्हणून थांबली.

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुझा काय?"

"माझा जंत. आजोबा."

"ती स्लाईड फुटली, आज्जी."

"कधी?"

"कधीतरी. आधीच."

"गेल्या महिन्यात फोटो पाठवलास, 'बघ आजोबा' म्हणून. त्यात तर बरे होते."

"मग त्यानंतर फुटली असेल."

"सई, तुझे कान लाल झालेत."

तिचा बाप मध्ये पडला. "आई, जाऊ दे ना. एक स्लाईड नसली तर काय बिघडतं? भिंतीवर लावलंय ते. बाबांचं नाव आहे. कोण विचारणारे?"

मी आतड्यांत हात घातलेत. कुजलेली कोंबडी चिरलीय. वसतिगृहाची भाजी खाल्लीय. सीताफळ सोडलं तर मला कशाची म्हणून किळस येत नाही, असा माझा समज होता. पण त्या क्षणी, 'कोण विचारणारे' ऐकून आणि त्यावर पोरीनं खाली घातलेली मान बघून, मला जी किळस आली तशी कधी आली नव्हती. पोरगी हुशार, मेहनती, तिच्या मानेचा काटा ढिला झाला इतकी वाकून बसली त्या काचपट्ट्यांवर. आणि सगळ्यांची नावं खोडून, आपल्या घरचं तेवढं पदराखाली घेतलं. हे असंच सुरू होतं. आधी सासऱ्यांसाठी नाव देतात, मग आजोबांसाठी लपवतात, आणि मग फाटकावर चेहरे लागतात.

"काय दिसलं तुला त्यात?" मी विचारलं. "खरं सांग. नाहीतर उद्याच्या तुझ्या महोत्सवाला मी थर्मोकोलच्या हंसावर बसेन."

ती रडायलाच लागली. "आज्जी, तो वेगळा नाहीये गं. साधाच आहे, मेंढीत सगळीकडं असतो तो. जिवंत असताना कुणी तरी त्याला थेट फॉर्मलिनमध्ये टाकलंय. तसं केलं की तो एकदम आक्रसतो. म्हणून आखूड, म्हणून रुंद, म्हणून सगळं दाटीनं. मला खात्री नव्हती, म्हणून मी परवा सिल्लेखान्यातून ताजा आणला आणि तसाच न झोपवता बाटलीत टाकला." तिनं नाक पुसलं. "सकाळी बघते तर तो आजोबा झाला होता."

माझा मुलगा भिंतीकडे बघत होता. मी बाटलीकडे बघत होते. म्हणजे ती बाटली आता नाहीच, पण मला दिसत होती. चिमटा, झाकण, नसीमचा आवाज, आणि जिना. माधवराव छताला कविता ऐकवतायत आणि मी पहिल्या रांगेत धापा टाकत बसतेय. तो जंत आखडला, कारण मी त्यांच्या कवितेला पळाले. मी पळाले म्हणून तो नवा दिसला, नवा दिसला म्हणून त्यांचं नाव लागलं, नाव लागलं म्हणून ते दारात येऊन 'बघू' म्हणाले. ज्यानं कुणी अभ्यास केला असेल त्यानं सांगावं, याच्याइतकी अचूक नाव दिलेली दुसरी प्रजाती आहे का.

मला हसू आलं, आणि असं आलं की दात हातात घ्यावे लागले. दोघं घाबरली. मुलगा पाणी आणायला पळाला.

"सई," दात बसवून मी म्हटलं, "उद्या पहिलं नाव आजोबांचं घे."

"आणि भिंतीवरचं?"

"ते राहू दे. आम्हाला जे दिसलं ते आम्ही लिहिलं. तुला जे दिसलं ते तू लिही. आणि स्लाईड फुटली म्हणालीस ना, ती काळजीनं वापर. तुझ्या नातीला लागेल."

महोत्सवाचा मंडप मी सांगितला तसाच होता, वर भर म्हणून अत्तर. पाहुण्यांवर, खुर्च्यांवर, बहुतेक हंसावरही शिंपडलं होतं. कागदी पेल्यात चहा म्हणून कोमट साखर मिळाली. सईच्या शेजारच्या पोरानं सेन्सरवर चालणारं कसलं तरी तुळशी वृंदावन केलं होतं, तिथं गर्दी उसळली होती. सईच्या फलकावर रंगीत जंत होते, लोक लांबूनच वळत होते. मला एकदम पाचोडची यष्टी आठवली.

परीक्षक आले. सफारीतले, तोंडात वेलदोडा. सई बोलायला लागली, पहिलं नाव आजोबांचं घेतलं. ताजा जंत, जुनी काचपट्टी, दोन्ही फोटो शेजारी शेजारी. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"हे माधव कोण?"

मी मागच्या खुर्चीवर होते. जिभेवर 'कुलदैवत' आलं होतं. गिळलं.

"माझे आजोबा," सई म्हणाली. "आणि ही प्रजाती माझ्या आज्जीनं लिहिली होती. ती तिथं बसलीय."

सगळे वळले. मी पदर सारखा केला. परीक्षक दोन पावलं पुढं आले, आवाज मऊ करून म्हणाले, "आजी, वाईट वाटलं असेल."

"मला नाही," मी म्हटलं. "वाटलं तर त्यांना वाटेल. बिचाऱ्यांनी उगीच मटण सोडलं."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी सईकडं बघितलं, सई जमिनीकडं. पण ते पुढं गेले नाहीत. थांबून त्यांनी पुढचं नाव विचारलं, मग त्याच्या पुढचं, आणि वृंदावनवाल्या पोराला बरीच वाट बघावी लागली.

सईला उत्तेजनार्थ मिळालं. आमच्या घराण्यात तेच मिळतं. प्रमाणपत्रावर तिच्या आडनावात चूक होती आणि कडेला सोनेरी वेलबुट्टी, जंतासारखी वळलेली.

परत येताना मी रिक्षा सिल्लेखान्याकडे घ्यायला लावली. चाचा कधीच गेले, त्यांचा नातू दुकानावर असतो. मी सांगितलं, आज आतडी नको, आज मटण दे. बेगमपुऱ्याच्या उतारावर थांबून, तोंड दुसरीकडे करून, एक सीताफळही घेतलं. डोळे चांगले उघडलेलं.

मटण माझ्या आईच्या हातासारखं केलं, काळ्या मसाल्यातलं. एक वाटी फोटोसमोर ठेवली. शेजारी सीताफळ फोडून ठेवलं, नाक दाबलं नाही, तोंड मिटून ठेवलं. हार पुन्हा सरकून चौकटीवर गेला होता, तो ओढून नीट त्यांच्या गळ्यात घातला.

म्हटलं, अहो, खा निवांत. आता त्यात तुम्ही नाही.